खेळा, जिंका, विसरा!

सोमवार सकाळ. कॉफी अजून अर्धी, आणि इनबॉक्समध्ये एचआरची मेल. सब्जेक्ट लाइनमध्येच तीन उद्गारचिन्हं: 'ट्रेनिंग झालं फन!!!' लिंकवर क्लिक केलं की एक कार्टून येतं. त्याचे केस तुम्ही निवडायचे, शर्टाचा रंग निवडायचा, नाव ठेवायचं. मग ते पात्र एका चकाचक ऑफिसात फिरतं, मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी शोधतं, आग लागली की लिफ्ट सोडून जिन्याकडे पळतं आणि पॉइंट्स गोळा करतं. वीस मिनिटांत तुम्ही 'सेफ्टी सुपरस्टार'! शेवटी पाच तारे. किती देणार? अर्थातच पाच. चार दिले तर खाली एक बॉक्स उघडतो, 'कृपया कारण लिहा', आणि तुमची अकराची मीटिंग डोक्यावर असते.

महिनाअखेरीस एचआर प्रेझेंटेशन करतं. एम्प्लॉयी एक्सपीरियन्स? एक्सलंट. गेम बनवणारी कंपनी खूश, बॉस खूश, आणि वीस मिनिटं काम टळलं म्हणून तुम्हीही खूश. एकच बारीकसा प्रश्न उरतो. शिकलं कोण, आणि काय?

प्रश्न किरकोळ वाटतो ना? तसा तो नाही बरं का! बऱ्याच ठिकाणी या गेम्सचे स्कोअर आता थेट अप्रेझलच्या फाइलमध्ये जातात. आणि जे शिकवायचं असतं ते म्हणजे आग, फ्रॉड, मशिनीत अडकणारा हात, कुणाच्या तरी आयुष्यभराच्या पैशांची जबाबदारी. इथे 'मजा आली' एवढ्यावर भागत नाही.

काळा गॉगलवाला माणूस

माझी एक मैत्रीण अकोटची आहे. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते हमखास म्हणतात, 'अकोला ना?' नाही बाबांनो, अकोट! अकोल्याहून साधारण 45 किलोमीटर उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कापसाचं, सतरंज्यांचं गाव. नरनाळा किल्ल्यावर जाताना तुम्ही जिथे चहा प्यायलात, तेच. ती तिथे एका खासगी वित्तीय कंपनीच्या शाखेत काउंटरवर बसते. तिच्याकडेही अशीच गेम आली, 'फ्रॉड ओळखा' नावाची. मी फोन केला. आम्ही दोघी बोलायला लागलो की वऱ्हाडी आपोआप सुरू होतं.

"कशी होती वं गेम?"

"लय मस्त. शंभरातले पंच्याण्णव भेटले मले."

"मंग शिकली काय?"

लांबलचक पॉज. "आता तसं आठोत नाही वं. एक काया गॉगलवाला मानूस होता. तो चोर होता, येवढं आठवते."

हसू नका. तिच्या शाखेत पुढे जे घडलं ते ऐका. एक वयस्कर काका एफडी मोडायला आले. कानाला फोन, कपाळावर घाम, कुणाशी बोलायला तयार नाहीत, 'लवकर करा' एवढंच. गॉगलवाला कुठेच नव्हता. खरा चोर फोनच्या पलीकडे होता, आणि तो स्वतःला पोलीस म्हणवत होता. 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात तो प्रकार. माझ्या मैत्रिणीने फॉर्म पुढे केलासुद्धा. "गेममंदी असा सीनच नव्हता ना वं," ती म्हणाली.

थांबवलं ते कॅशियरने. "काका, फोनवर कोन हाय? मले द्या बरं." बस, एवढंच. या कॅशियरसाहेबांनी गेम खेळलेलीच नव्हती, कारण त्यांच्या जुन्या फोनवर ते ॲप चालतच नाही. आदल्या आठवड्यात चहाच्या वेळी पेपरातल्या अशाच एका बातमीवर शाखेत गप्पा झाल्या होत्या, तेवढीच त्यांची तयारी. काकांचे पैसे वाचले. ट्रेनिंग रिपोर्टमध्ये कॅशियरसाहेबांच्या नावापुढे मात्र लाल अक्षरांत 'पेंडिंग' आहे. अजूनही!

चार पायऱ्या, आपण पहिलीवर

हा घोळ नवा नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्ये ट्रेनिंग क्षेत्रातल्या एका नियतकालिकात लेखमाला लिहिली. ट्रेनिंग मोजायच्या त्याने चार पायऱ्या सांगितल्या. एक, लोकांना आवडलं का? दोन, कळलं का? तीन, कामावर परतल्यावर वागण्यात उतरलं का? चार, त्यामुळे कामात फरक पडला का? एचआरची अख्खी दुनिया आजही या चार पायऱ्यांची नावं घेते.

नावं घेते, पण चढत नाही. पाच तारे ही पहिली पायरी. मैत्रिणीचे 95 मार्क ही दुसरी, तीही गरमागरम, खेळ संपल्या संपल्या मोजलेली. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्या गोष्टी सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात वेगाने गळतात. म्हणजे गेम संपताच घेतलेली क्विझ ही जेवणाच्या ताटावरून उठता उठता 'भूक लागली का?' विचारण्यासारखी आहे. उत्तर छानच येणार.

सापशिडीचंच घ्या. आपल्याकडच्या जुन्या ज्ञानचौपडीत शिडी म्हणजे गुण, साप म्हणजे अवगुण आणि सगळ्यात वरचं घर म्हणजे मोक्ष. चक्क ट्रेनिंग मॉड्यूल! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये विकायला लागला, जगभर गेला. आज आपल्याला काय आठवतं? नव्याण्णववरचा साप. तो कुठल्या अवगुणाचा होता, सांगा बरं! खेळ टिकला, धडा गळला.

मजा आली म्हणजे आलं का?

आता जरा धक्का देणारी गोष्ट. ट्रेसी सिट्झमन या अमेरिकन संशोधक बाईंनी 2011 मध्ये, नोकरदारांच्या ट्रेनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेशन गेम्सवरचे आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून तपासले. गेम्सच्या बाजूने बातमी चांगली होती. गेम खेळलेल्यांचा 'मला हे जमेल' हा आत्मविश्वास तुलनेतल्या गटापेक्षा 20 टक्क्यांनी जास्त होता, माहिती 11 टक्क्यांनी आणि कृतीचं ज्ञान 14 टक्क्यांनी जास्त. नंतर लक्षात राहण्यातही 9 टक्क्यांचा फायदा. म्हणजे गेम्स फालतू असतात असं अजिबात नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. गेम जास्त मनोरंजक असली म्हणून लोक जास्त शिकले, असं दिसलं नाही! फरक पडला तो इतर गोष्टींनी. शिकवायचा मजकूर गेममध्ये नुसता वाचायला दिलाय की खेळणाऱ्याला त्यावर काही करावं लागतं? गेम हवी तितक्या वेळा खेळता येते का? आणि ती एकटीच सोडलीय की सोबत दुसरं काही शिकवणंही आहे? या तिन्हींची उत्तरं नीट असली तर शिकणं वाढतं. तुमच्या ऑफिसातली गेम आठवा. एकदाच खेळायची, नंतर लिंक बंद, आणि तिच्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. तिन्ही ठिकाणी साप!

आणि मजा तरी सगळ्यांना सारखीच येते का? टॉम मलोन या संशोधकाने 1980 च्या सुमाराला पाचवीतल्या 80 मुलामुलींना अपूर्णांक शिकवणारी एक कॉम्प्युटर गेम दिली. त्यात बाण मारून फुगे फोडायचे. मुलांना फुगे फोडायला जाम आवडलं. मुलींना तीच कल्पना नकोशी झाली. गेम तीच, गणित तेच! आता आपल्या ऑफिसांकडे बघा. दर दुसऱ्या गेममध्ये क्रिकेट. टार्गेट म्हणजे रन, चूक म्हणजे विकेट. क्रिकेट न आवडणारी माणसं या देशातही असतात हो. त्यांचा अनुभव कुणी वेगळा काढून पाहतं का? सरासरी 4.6 तारे म्हटलं की विषय संपतो. ज्याची गेम लोडच झाली नाही, त्याचा तारा तर मोजलाही जात नाही.

सक्तीची मजा

व्हार्टन या अमेरिकन बिझनेस स्कूलमधल्या ईथन मॉलिक आणि नॅन्सी रॉथबार्ड यांनी एका कंपनीच्या सेल्स टीमवर प्रयोग केला. कामाचंच बास्केटबॉल केलं: डील झालं की स्क्रीनवर बास्केट, वर लीडरबोर्ड. त्यांना दिसलं की ज्यांनी मनापासून 'चला, खेळूया' म्हटलं, त्यांचा कामावरचा मूड सुधारला. ज्यांच्यावर खेळ लादल्यासारखा झाला, त्यांचा मूड बिघडला. त्यांच्या पेपरचं नावच 'मँडेटरी फन' आहे. सक्तीची मजा! शाळेत स्नेहसंमेलनात जबरदस्तीने झाड म्हणून उभं केलेल्यांना हे लगेच कळेल.

याची टोकाची आवृत्तीही होऊन गेली आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हॉटेलांमध्ये लाँड्रीत काम करणाऱ्यांसाठी मोठ्ठे स्क्रीन लावले होते. कोण किती चादरी किती वेगाने उरकतं ते नावासकट दिसायचं, मागे पडलेल्यांचे आकडे वेगळ्या रंगात. 2011 मध्ये हे लॉस एंजलिसच्या पेपरात छापून आलं. कामगारांनी त्या स्क्रीनला नाव दिलं होतं, 'इलेक्ट्रॉनिक चाबूक'. डिझाइन करणाऱ्याच्या नजरेत तो स्कोअरबोर्ड, खेळणाऱ्याच्या पाठीवर चाबूक. लोकांचा अनुभव नेमका कशासाठी तपासायचा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि ही फक्त आयटी पार्कमधली भानगड राहिलेली नाही. केंद्र सरकारने 2020 मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं. त्याच्या आयगॉट पोर्टलवर सरकारी कर्मचारी कोर्स करतात आणि 'कर्मा पॉइंट्स' मिळवतात. म्हणजे तुमच्या सरकारी नोकरीतल्या मामांकडेही आता पॉइंट्स आहेत! वाईट काहीच नाही त्यात. फक्त प्रश्न तोच. पॉइंट वाढल्यावर खिडकीपलीकडच्या माणसाचं काम लवकर होतंय का?

अकोट तालुक्यात मोजलं ते असं

याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. आमच्या वऱ्हाडातच एक भारी उदाहरण आहे. पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा आठवतेय? 2016 मध्ये ती तीन तालुक्यांत सुरू झाली. त्यातला वरुड आमच्या अमरावती जिल्ह्यातला, बाकीचे दोन म्हणजे साताऱ्याचं कोरेगाव आणि बीडचं अंबाजोगाई. 2017 मध्ये ती 30 तालुक्यांत गेली आणि त्यात अकोटही आलं.

स्पर्धेआधी गावातली निवडक माणसं प्रशिक्षणाला जायची. तिथे खेळ होते, फिल्म होत्या, आणि प्रत्यक्ष शिवारात उतरून उताराची मापं घेणं, समतल चर आखणं होतं. पन्नाशीतले शेतकरी आणि नुकतीच बारावी झालेली पोरं-पोरी एकत्र. मग गावात परतायचं आणि उन्हाळ्याच्या ऐन भट्टीत 45 दिवस श्रमदान. वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे काय ते ज्याने अकोल्याच्या स्टँडवर मे महिन्यात एसटीची वाट पाहिलीय त्यालाच विचारा.

मुद्दा हा की ट्रेनिंग कसं वाटलं याला स्पर्धेत मार्क नव्हते. मार्क होते ते झालेल्या कामाला. चर किती, बांध कसा, पाणी किती साठेल. 2017 चा पहिला नंबर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्याशा आदिवासी गावाने काढला. कर्कपॅट्रिकच्या भाषेत सांगायचं तर थेट तिसरी-चौथी पायरी. खेळलेलं डोक्यात राहिलं की नाही, ते माळरानावर दिसत होतं.

अर्थात तिथेही सगळं मोजून होत नाही. चरांची लांबी टेप लावून मोजता येते. साठलेलं पाणी पुढची दहा वर्षं जपून वापरायची सवय लागली का, हे टेपने कळत नाही. आंध्र प्रदेशात यावरच एक सुंदर प्रयोग झालाय. गावकऱ्यांना भूजलाचा खेळ दिला. प्रत्येकाने पीक निवडायचं, जास्त पाण्याचं किंवा कमी पाण्याचं, आणि सगळ्यांच्या निवडीनुसार सगळ्यांची जमिनीखालची पातळी उतरत जायची. खेळ संपला की गावाने एकत्र बसून 'आपल्याकडे खरंच असं होतं का?' यावर बोलायचं. 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे हा खेळ झाला, त्या वस्त्यांनी नंतर पाण्याची नोंदवही ठेवण्याचं आणि पाण्याचे नियम करण्याचं प्रमाण जास्त होतं.

खेळानंतरची ती बैठक लक्षात ठेवा. सगळी जादू तिथे आहे. अकोटच्या शाखेतल्या चहालाही हेच लागू. चहाच्या कपाभोवती लोकांनी 'आपल्या काउंटरवर असं झालं तर?' एवढं विचारलं, आणि ते नेमक्या वेळी आठवलं. आपल्या ऑफिसातल्या गेम्समध्ये ही बैठक गायब असते. स्क्रीनवर फटाके फुटतात, टॅब बंद, पुढची मेल.

हे एचआरला फॉरवर्ड करा

ट्रेनिंगची गेम खरंच कशी आहे हे कळायला लाखोंचा सर्व्हे लागत नाही. हा घ्या स्वस्त आणि मस्त फॉर्म्युला:

• पाच माणसं शेजारी बसवा. वेबसाइट तपासण्यातला गुरू जेकब निल्सन याने 2000 मध्ये मांडलं की पाच जणांना वापरताना नुसतं बघितलं तरी वापरातल्या 85 टक्क्यांच्या आसपास अडचणी समोर येतात. फक्त पाचही जण आयटीतले नकोत. एक कॅशियर, एक ड्रायव्हर, एक रिटायरमेंटला आलेले साहेब हवेतच.

• खेळताना मोठ्याने बोलायला सांगा. 'आता हे कुठे दाबू?', 'हा शब्द काय आहे?', 'अरे, गेलं!' जिथे माणूस अडखळतो ते लिहून घ्या. मदत करायची नाही, हात पाठीमागे.

• तारे सोडा, दहा वाक्यं द्या. जॉन ब्रुक या ब्रिटिश इंजिनिअरने 1986 मध्ये 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' बनवली. दहा विधानं, एक बाजूचं, एक विरोधातलं, प्रत्येकाला पाचपैकी किती सहमत ते सांगायचं. गुण 0 ते 100, साधारण सरासरी 68 च्या आसपास. तुमची गेम 50 वर असेल तर दोष खेळणाऱ्यांचा नाही. आणि हो, विधानं मराठीत द्या.

• महिन्याने परत विचारा. न सांगता. क्विझ नको, प्रसंग द्या: 'समोर काका उभे आहेत, कानाला फोन आहे, तुम्ही काय कराल?'

• कोण खेळलंच नाही ते शोधा. फोन जुना? नेट नाही? इंग्रजी अडलं? अक्षरं बारीक? 'पेंडिंग'वाल्यांची यादी ही कामचुकारांची यादी समजू नका, ती गेमच्या चुकांची यादी असू शकते.

• आणि पंधरा मिनिटांचा चहा. गेमनंतर, सगळ्यांनी मिळून. बजेट : दर कपाला दहा रुपये.

आता तुमचं काम. एचआरवर जोक मारणं सोपं आहे, पण पाच तारे देणारं बोट आपलंच असतं. आपण खोटं एक्सलंट दिलं की तीच गेम पुढच्या वर्षी परत येते, आणि तिच्यावर पुढच्या बॅचची पोरं तयार होतात. त्यातल्याच एखादीसमोर कधीतरी कुणाचे तरी काका, कुणाचे तरी बाबा येऊन उभे राहणार आहेत. कदाचित तुमचेच.

म्हणून पुढच्या वेळी तीन तारे द्या आणि तो बॉक्स उघडू द्या. त्यात एकच वाक्य लिहा: या गेममुळे उद्या कामावर मी नेमकं काय वेगळं करणार आहे. वाक्य सुचलं तर गेम चांगली, तारे वाढवा. नाही सुचलं, तर तेच लिहा. मीटिंगला दोन मिनिटं उशीर होईल. होऊ द्या.